आन्सीच्या ॲनिमेशन महोत्सवात बोलायला जाताना: शेंगेन व्हिसाची पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

फ्रान्समधल्या आन्सी शहरात दर जूनमध्ये आंतरराष्ट्रीय ॲनिमेशन महोत्सव भरतो आणि त्याच आठवड्यात ‘मिफा’ हा या धंद्याचा बाजारही. तिथे व्याख्यान, मास्टरक्लास किंवा पॅनेलसाठी बोलावणं आलं, की भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्याला अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा, म्हणजे शेंगेन गटातल्या युरोपीय देशांचा सामाईक व्हिसा लागतो. त्यावर कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं शिल्लक असलेला हवा.

या फाइलमध्ये सगळ्यात जड कागद म्हणजे आयोजकांचं निमंत्रणपत्र. पासपोर्टवर आहे तसंच नाव, पासपोर्ट क्रमांक, सत्राचा विषय आणि तारीख, विमान व राहण्याचा खर्च कोण करणार, मानधन आहे की नाही, सही करणाऱ्याचं पद आणि संपर्क, एवढं त्यात असलंच पाहिजे. ‘आपण येताय याचा आनंद आहे’ छापाच्या ईमेलवर काम भागत नाही. प्रवेशबिल्ल्याची पावतीही पुरेशी नाही. ती प्रेक्षकालाही मिळते, वक्ता असल्याचं त्यातून सिद्ध होत नाही.

मानधन मिळणार असेल तर लपवू नका. तीन महिन्यांपर्यंतच्या मुक्कामात सांस्कृतिक व कलाविषयक कार्यक्रम, परिसंवाद आणि व्यावसायिक मेळे यांतल्या सहभागासाठी फ्रान्सच्या कामगार कायद्यात वेगळ्या कामाच्या परवान्यातून सूट आहे. मात्र महोत्सवानंतर एखाद्या स्टुडिओत काम ठरलं असेल, तर त्याचं स्वतंत्र पत्र जोडा. वक्त्याच्या निमंत्रणात ते खपून जात नाही.

अर्ज ‘फ्रान्स-व्हिसा’ या सरकारी संकेतस्थळावर भरायचा, छापून सही करायची आणि व्हीएफएस या अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात वेळ घेऊन स्वतः हजर राहायचं. प्रवासाचा हेतू या रकान्यात अनेक जण सवयीने ‘पर्यटन’ निवडतात. सोबत वक्त्याचं निमंत्रण आणि अर्जात पर्यटन, ही विसंगती अधिकाऱ्याला पहिल्याच नजरेत दिसते. व्याख्यानासाठी ‘सांस्कृतिक’, आणि मुख्य काम मिफातल्या बैठकांचं असेल तर ‘व्यवसाय’. बोटांचे ठसे 59 महिन्यांच्या आत दिलेले असतील तर सहसा पुन्हा द्यावे लागत नाहीत. फोटो 35 बाय 45 मिलिमीटरचा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा 15 दिवस आधी. निर्णयाची नेहमीची मुदत 15 दिवस असली तरी ती 45 दिवसांपर्यंत लांबू शकते. शिवाय उन्हाळी सुट्टीची गर्दी त्याच सुमाराला असल्याने केंद्रातली वेळच लवकर मिळत नाही. जूनसाठी मार्चमध्ये फाइल तयार ठेवा. प्रौढांसाठी शुल्क 11 जून 2024 पासून 90 युरो आहे, केंद्राचा सेवा आकार वेगळा. नकार आला तर शुल्क परत मिळत नाही.

नोकरी असेल तर रजामंजुरीचं पत्र आणि पगारपत्रकं सोपी असतात. फ्रीलान्सरची अडचण खरी: पैसे प्रकल्प संपल्यावर एकदम येतात, मग चार महिने खातं सुनं. म्हणून बँक स्टेटमेंटला आयकर विवरणपत्रं, चालू करार आणि बिलं यांची जोड द्या. परतल्यावर कोणतं काम आहे हे करारावरून दिसलं तर उत्तमच. अर्जाच्या आठवड्यात कुणाकडून तरी घेऊन भरलेली मोठी रक्कम फायद्यापेक्षा तोटाच करते.

महोत्सवाच्या काळात आन्सीत खोली मिळणं मुश्कील, म्हणून बरेच जण शेजारच्या स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हात राहतात. अर्ज मुख्य मुक्कामाच्या देशाकडे करायचा असतो आणि तो मुक्कामाच्या दिवसांवरून किंवा हेतूवरून ठरतो. रात्री स्वित्झर्लंडमध्ये जास्त असतील तर मुख्य हेतू आन्सीचा आहे हे सोबतच्या पत्रात स्पष्ट लिहा. ओळखीच्या घरी उतरणार असाल तर यजमानाने तिथल्या नगरपालिकेतून निवासाचं प्रमाणपत्र काढायचं. विमा किमान 30,000 युरोंचा आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्राचा हवा. फक्त युरोपीय संघापुरती पॉलिसी जिनिव्हाच्या विमानतळावरच अपुरी पडते, कारण स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, संघात नाही.

मूळ चित्रं किंवा पुतळ्यांचे नमुने दाखवायला नेणार असाल तर ‘एटीए कार्ने’, म्हणजे माल शुल्क न भरता तात्पुरता परदेशी नेण्याचा कागद, काढता येतं. भारतात ते फिक्की ही उद्योगांची संघटना देते. कार्नेवरचा माल परत आणावाच लागतो, त्यामुळे विकायची प्रिंट्स आणि आर्टबुकं त्यात बसत नाहीत. महागड्या पेन-डिस्प्लेसाठी (पेनने थेट चित्र काढायचा पडदा) निघतानाच कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परतताना शुल्काचा वाद होत नाही.

नकार आलाच तर कारणाच्या चौकटीवर खूण केलेलं छापील पत्र मिळतं. अपिलाची मुदत आणि पत्ताही त्यातच असतो. ‘मुक्कामाचा हेतू सिद्ध झाला नाही’ यावर खूण असेल, तर आयोजकांकडून सविस्तर पत्र घेऊन नव्याने अर्ज करणं बहुधा अपिलापेक्षा लवकर होतं. व्हिसा मिळाल्यावरही निमंत्रणपत्र, विमा आणि परतीचं तिकीट हातातल्या पिशवीत छापील ठेवा. सीमेवरचा अधिकारी ते पुन्हा मागू शकतो.