स्कॉर्ड ऑफ ब्राउस्टर

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड द्वीपसमूहातील नवाश्मयुगीन शेतकरी वस्तीचे अवशेष. मेनलँड या मुख्य बेटाच्या पश्चिम भागात, ब्रिज ऑफ वॉल्स या ठिकाणाजवळच्या उतारावर ते पसरलेले आहेत. शेटलंडच्या बोलीत ‘स्कॉर्ड’ म्हणजे डोंगरधारेतील खिंड. अ‍ॅलस्डेअर व्हिटल या पुरातत्त्वज्ञांच्या देखरेखीखाली १९७७ ते १९७९ या काळात येथे उत्खनन झाले. इ. स. पू. ३००० च्याही आधी सुरू झालेली ही वस्ती कित्येक पिढ्या नांदती होती.

येथे दगडी घरांचे तीन पाये सापडले असून त्यांपैकी एका घराखाली त्याहून जुन्या लाकडी बांधकामाच्या खुणा मिळाल्या. घरे लांबट गोल आकाराची असून त्यांच्या जाड भिंती आतून-बाहेरून दगड रचून व मधली पोकळी दगडमातीने भरून उभारलेल्या आहेत. सर्वांत ठळक उरलेल्या घरात मध्यभागी चूल आणि भिंतीच्या आतल्या अंगाला कोनाड्यांसारखे कप्पे आहेत. घर लहान असले, तरी वाऱ्यापासून ऊब राखण्याचा विचार त्याच्या रचनेत स्पष्ट दिसतो.

या स्थळाचे खरे मोल मात्र घरांभोवतीच्या शेतजमिनीत आहे, कारण इतक्या जुन्या काळातील घर आणि त्याचे शिवार असे एकत्र टिकून राहणे फार दुर्मीळ आहे. वेड्यावाकड्या दगडी बांधांनी वेढलेली पाच-सहा शेते आणि त्यांत विखुरलेले दगडांचे असंख्य लहान ढीग येथे आजही ओळखता येतात. मशागतीआधी वेचलेले गोटे या ढिगांत टाकलेले असून, माळरानातील गोटे वेचून बांधावर रचणाऱ्या दख्खनच्या शेतकऱ्याला हे काम वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. जमीन उकरणाऱ्या साध्या लाकडी औताला बसवायचे दगडी फाळही येथे मिळाले. लांबट दांड्यासारख्या अशा फाळाचे टोक मातीत घासून गुळगुळीत झालेले असते, आणि त्या झिजेवरूनच त्याचा वापर ओळखतात. मुख्य पीक सातूचे होते. याच परिसरातील नेस ऑफ ग्रूटिंग येथील प्रागैतिहासिक घरातही जळालेल्या सातूचा मोठा साठा सापडला आहे.

परागकणांच्या अभ्यासावरून मूळची बर्च व हेझलची खुरटी झाडी मागे हटून मोकळे रान वाढत गेल्याचे कळते. झाडांचे छत्र गेलेल्या जमिनीतून थंड, पावसाळी हवामानात पोषक द्रव्ये झिरपून जातात, माती आम्लधर्मी होते आणि पाणी साचून तिच्यावर पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा, थर चढू लागतो. स्कॉर्ड ऑफ ब्राउस्टरचा कसही असाच उतरत गेला व अखेरीस शेती सुटली. पुढे या उतारावर नांगरट फारशी न झाल्यामुळे बांध मोडले गेले नाहीत, आणि गवतातून व हेदरच्या झुडपांतून वर आलेल्या दगडांच्या ओळींवरून शेतांच्या हद्दी अजूनही पायी चालत माग काढता येण्याजोग्या आहेत.