क्रोटनचा रंग उजेडावर ठरतो

नर्सरीतून लाल, पिवळं, केशरी असं भरगच्च क्रोटन घरी येतं आणि सोफ्याशेजारच्या कोपऱ्यात त्याची जागा ठरते. पंधरा दिवसांत खालची पानं गळायला लागतात. पुढे दोन-तीन महिन्यांनी शेंड्याला जी नवी पानं येतात ती नुसती हिरवी असतात. मग कुणीतरी खत सुचवतं, कुणी पाणी वाढवायला सांगतं, आणि झाड आणखी खंगतं. मला हे पाहून खरोखर वाईट वाटतं, कारण क्रोटन मुळात चिवट झाड आहे. घरात त्याचे जे हाल होतात त्यातले बहुतेक उजेडाच्या कमतरतेने सुरू होतात आणि जास्तीच्या पाण्याने वाढतात.

आपण ज्याला क्रोटन म्हणतो त्याचं शास्त्रीय नाव कोडिएम व्हेरिगेटम. कुळ एरंडाचं. लवंग-जायफळासाठी प्रसिद्ध असलेली मोलुक्का बेटं, मलेशिया, ऑस्ट्रेलियाचा उत्तरेकडचा भाग आणि पश्चिम पॅसिफिकमधली बेटं हा त्याचा मूळ मुलूख. तिथे ते मोठं झुडूप होतं. बाराही महिने ऊब, हवेत भरपूर दमटपणा आणि लख्ख उजेड या तीन गोष्टी त्याला जन्मापासून मिळतात. म्हणून कोकणात, गोव्यात, मुंबईत अंगणाच्या कडेला लावलेलं क्रोटन कुणी फारसं लक्ष न देताही माणसाच्या उंचीचं होतं. घाटावर आणि विदर्भात मात्र त्याला हवा कोरडी मिळते आणि हिवाळ्यात रात्रीची थंडी सोसावी लागते.

आता रंगाकडे येऊ. पानात मुख्यतः तीन प्रकारची रंगद्रव्यं असतात. हिरवं हरितद्रव्य, पिवळी-केशरी कॅरोटिनॉइड्स आणि लाल-जांभळी अँथोसायनिन्स. पहिली दोन पेशीतल्या हरितलवकांसारख्या कणांत असतात, तर अँथोसायनिन पेशीच्या मधल्या रसात विरघळलेलं असतं. तुमच्याकडे ‘पेट्रा’ जातीचं क्रोटन असेल तर त्याची एक फांदी शेंड्यापासून खाली पाहत या. शेंड्याची पानं हिरवी, शिरा पिवळ्या. त्याखालच्या पानांत शिरांचा पिवळा रंग केशरीकडे झुकलेला. आणखी खाली शिरा लाल, आणि मधला हिरवा भाग इतका गडद की काळपट वाटावा. एका फांदीवर पानाच्या वयाचा सगळा क्रम दिसतो. त्यामुळे शेंड्याचं कोवळं पान हिरवं-पिवळं असलं म्हणून घाबरायचं कारण नाही. काळजी तेव्हा करायची, जेव्हा पान जुनं होऊनही रंगत नाही.

ते का रंगत नाही? अँथोसायनिन तयार करायला झाडाला साखर लागते आणि तीव्र उजेडाचा इशाराही लागतो. हे द्रव्य काही अंशी पानाला जादा उन्हापासून आडोसा देतं. उजेड कमी पडला की आडोशाची गरज उरत नाही, आणि मिळेल तो प्रत्येक किरण पकडण्यासाठी झाड हरितद्रव्य वाढवतं. त्या हिरव्याखाली बाकीचे रंग झाकले जातात. शिवाय पानाच्या पिवळ्या भागात हरितद्रव्य मुळातच कमी असतं, म्हणजे अन्न बनवणारं क्षेत्र साध्या हिरव्या झाडापेक्षा लहान. म्हणूनच मनीप्लँट ज्या कोपऱ्यात निभावून नेतो तिथे क्रोटन उपाशी राहतं.

कोपऱ्यात उजेड किती कमी असतो हे आपल्या डोळ्यांना कळत नाही, कारण बाहुली मोठी होते आणि डोळा जुळवून घेतो. उजेड मोजण्याचं एकक लक्स. भर दुपारच्या उघड्या उन्हात साधारण १ लाख लक्स असतात. खिडकीपासून आठ-दहा फूट आत बऱ्याच घरांत २००-३०० सुद्धा भरत नाहीत. मोबाइलवर लक्स मोजणारी फुकट ॲप मिळतात. ती अगदी अचूक नसतात, पण खिडकी आणि कोपरा यांतला फरक दाखवायला पुरेशी आहेत. एकदा तो आकडा पाहिला की झाड कुठे ठेवायचं यावर वाद राहत नाही. पूर्वेची खिडकी किंवा बाल्कनी, जिथे सकाळचं दोन-तीन तास ऊन येतं, ही घरातली सर्वांत चांगली जागा. पश्चिमेची बाल्कनी असेल तर एप्रिल-मे महिन्यांत हिरवी जाळी लावावी.

मात्र कोपऱ्यातलं झाड उचलून थेट उन्हात ठेवू नका. सावलीत तयार झालेली पानं पातळ असतात आणि त्यांत उन्हापासून बचावाची द्रव्यं कमी असतात. ती एका दुपारीत करपतात, आणि करपलेला भाग पुन्हा बरा होत नाही. दोन-तीन आठवडे घेऊन टप्प्याटप्प्याने पुढे सरकवा.

पाण्याचा प्रश्न याच उजेडाशी बांधलेला आहे. पान जितका उजेड घेतं तितकी त्याची रंध्रं, म्हणजे पानावरची सूक्ष्म छिद्रं, उघडतात, तितकं पाणी वाफ होऊन जातं आणि मुळं तितकं पाणी वर ओढतात. उजेड कमी झाला की ही ओढ मंदावते. आपण मात्र रोज सकाळी तांब्याभर पाणी घालत राहतो. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरून राहतात, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी शोषू शकत नाहीत. त्यामुळे ओल्या मातीतलं झाडही मलूल होऊन मान टाकतं. तहान लागली असेल असं समजून आपण आणखी पाणी घालतो. झाडं मरतात ती बहुधा अशीच. म्हणून वार ठरवून पाणी घालू नका. बोट दोन पेरं मातीत खुपसा, कोरडं लागलं तरच भोकातून बाहेर येईपर्यंत पाणी द्या आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका.

इथे नर्सरीच्या मातीचीही एक अडचण आहे. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत पुष्कळ झाडं आंध्रातल्या गोदावरीकाठच्या कडियम भागातून येतात. पिशवीतली माती अनेकदा चिकट असते. ती वाळली की गोळा घट्ट होतो आणि पाणी त्याच्या कडेने निघून जातं, मध्ये शिरतच नाही. अशा वेळी कुंडी वीसेक मिनिटं बादलीभर पाण्यात ठेवून गोळा भिजू द्यावा. झाड स्थिरावल्यावर, शक्यतो पावसाळ्याच्या तोंडावर, कुंडी बदलावी. मातीत कोकोपीट, कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट आणि जाडसर वाळू मिसळावी. आणल्या दिवशीच कुंडी बदलायचा मोह टाळा.

कारण क्रोटनला जागाबदल सोसत नाही. पानाच्या देठाच्या तळाशी पेशींचा एक पातळ थर असतो. पान निरोगी असेतो त्यातून ऑक्झिन हे संप्रेरक खाली वाहतं आणि हा थर पक्का राहतो. उजेड एकदम कमी झाला, मुळं दुखावली किंवा थंडी लागली की ऑक्झिन घटतं, इथिलीन वायूचा प्रभाव वाढतो, त्या थरातल्या पेशींच्या भिंती विरघळतात आणि पान सुटतं. पारा १०-१२ अंशांखाली गेला तरी हेच होतं, म्हणून पुणे-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत कुंडी रात्री आत घेतलेली बरी. पानं गळून नुसती काठी उरली तरी लगेच टाकून देऊ नका. सालीवर नखाने हलकेच ओरखडा काढा. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे.

हवा कोरडी झाली की लाल कोळी येतात, विशेषतः फेब्रुवारीनंतर. कोळी हा कीटक नव्हे, त्याला आठ पाय असतात, आणि तो टिंबाएवढा असतो. पानाची चमक जाते, बारीक फिकट ठिपके पडतात, देठांच्या बेचक्यात तलम जाळं दिसतं. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. कागदावरचे कण चालायला लागले तर निदान झालं. उन्हाळ्यात त्यांची पिढी आठवडाभरात पूर्ण होते, म्हणून एकदा फवारून भागत नाही. आधी पानांची खालची बाजू पाण्याच्या धारेने धुवा. मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुलिंबाचं तेल आणि थोडं पातळ साबण घालून संध्याकाळी फवारा, आणि दर पाच-सहा दिवसांनी तीन-चार वेळा हे करा. पिठ्या ढेकूण, म्हणजे पांढऱ्या पिठासारखी दिसणारी कीड, असेल तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने टिपून काढावा. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली तर देठांच्या बगला तपासा, कारण ढेकणांच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्यांची राखण करतात.

क्रोटन बियांपासून केलं तर रोपं आईसारखी निघत नाहीत, म्हणून आवडती जात टिकवायची तर छाट कलम, म्हणजे फांदीचा तुकडा मातीत रोवणं, किंवा गुटी, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फुटू देणं. डाळिंबवाल्या शेतकऱ्यांना गुटी नवी नाही. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या फांदीवर इंचभर रुंदीची साल गोल काढायची आणि खालचा बुळबुळीत थर खरवडायचा, नाहीतर साल पुन्हा जुळते. पानांत बनलेली साखर आणि ऑक्झिन सालीतून खाली येतात, ते कापाच्या वरच्या काठाशी अडतात आणि तिथे मुळं फुटतात. पाणी मात्र आतल्या लाकडातून वर चढतच राहतं, त्यामुळे फांदी सुकत नाही. कापावर ओलं शेवाळ बांधून प्लॅस्टिकने घट्ट गुंडाळा. महिना-दीड महिन्यात पारदर्शक प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसली की त्याखाली कापून कुंडीत लावा.

हे करताना हातमोजे घाला. क्रोटनचा चीक त्वचेला झोंबतो, डोळ्यात गेला तर फार त्रास देतो आणि कपड्यांवर पडलेले डाग निघत नाहीत. लहान मुलं किंवा पाळीव प्राणी पानं चावतील अशा उंचीवर कुंडी ठेवू नये. गुटी काढून घेतल्यावर उरलेला बुंधाही जपा. कापाखालच्या डोळ्यांतून, म्हणजे फांदीवरच्या सुप्त कोंबांतून, त्याला नवे फुटवे येतात. तोवर पानं थोडी असल्याने त्याला पाणीही थोडंच लागतं, उजेड मात्र पहिल्याइतकाच हवा.