राक्षसाच्या जेवणाचा प्रश्न

१९७९ साली आलेल्या ‘एलियन’ चित्रपटातला राक्षस माणसाची छाती फोडून बाहेर येतो, तेव्हा जेमतेम हातभर असतो. पुढच्या वेळी दिसतो तो माणसाहून उंच झालेला. मधे गेलेले असतात फक्त काही तास. चित्रपट पाहताना किंचाळण्यातून कुणाला सवड मिळत नाही, पण नंतर काहींना प्रश्न पडतो आणि तो वर्षानुवर्षं पिच्छा सोडत नाही: मधल्या काळात त्यानं खाल्लं काय?

कल्पित राक्षसांबद्दल चाहते ज्या थिअऱ्या मांडतात, त्यांतल्या बऱ्याचशा दात, नखं आणि ताकद यांभोवती फिरतात. अमक्याची तमक्याशी झुंज लावली तर कोण जिंकेल, वगैरे. त्या मला कंटाळवाण्या वाटतात. दात काय, कुणालाही लावता येतात. खरी मजा राक्षसाला एक प्रजाती मानून विचारलेल्या प्रश्नांत आहे. हा जगतो कशावर, वाढतो कसा, पिल्लं कुठून येतात, अंगातली उष्णता जाते कुठे? लेखकानं याची उत्तरं दिलेली नसतात, बहुधा विचारही केलेला नसतो. पदार्थविज्ञान मात्र राक्षस आहे म्हणून कुणाला सूट देत नाही.

तर, एलियनचं वजन. खऱ्या जगात झपाट्यानं वाढण्यात निळ्या देवमाशाच्या पिल्लाचा हात कुणी धरणार नाही. ते दिवसाला सुमारे ९० किलोनं वाढतं, पण त्यासाठी त्याला आईचं चरबीनं दाट झालेलं दूध सतत मिळावं लागतं. एलियनला आई नाही. काही चाहते म्हणतात, गोष्ट घडते त्या अंतराळयानातला धान्यसाठा त्यानं फस्त केला असणार. काही म्हणतात, त्यानं यानाचा धातूच कुरतडला. धातूनं वजन वाढेल, पण ऊर्जा कुठून येणार? लोखंड जाळून पोट भरणारा प्राणी अजून कुणी पाहिलेला नाही.

मला यातली सगळ्यात पटणारी थिअरी वेगळीच आहे: त्याचं वजन वाढलंच नाही, फक्त आकार वाढला. पुरावा चित्रपटातच आहे. एका प्रसंगात त्यानं टाकलेली कात सापडते. कीटक आणि कवचधारी प्राणी असेच वाढतात. जुन्या कवचाखाली नवं, मऊ, दुमडलेलं कवच तयार होतं. जुनं फेकलं की प्राणी हवा किंवा पाणी आत घेऊन स्वतःला फुगवतो, आणि मग नवं कवच कडक होतं. लॉबस्टर कात टाकल्यावर पाणी शोषून फुगतो. पाण्यातून बाहेर आलेली चतुराची अळी काही तासांत आपल्या चुरगळलेल्या पंखांत द्रव ढकलून त्यांना पूर्ण आकार देते. पाहणाऱ्याला वाटावं, हा एवढासा प्राणी एवढा झाला कसा! तेव्हा यानातला तो उंच राक्षस बराचसा पोकळ असू शकतो. मात्र तसं असेल तर तो धडधाकट माणसाला एका हातानं उचलतो कसा, हे सांगावं लागेल. स्नायूंना प्रथिनं लागतात आणि ती हवेतून मिळत नाहीत. म्हणजे थिअरीनं उंची सोडवली, ताकद शिल्लक राहिली. यानातल्या धान्यसाठ्यावर संशय ठेवावाच लागतो.

यजमानाच्या, म्हणजे ज्याच्यावर पोसायचं त्या प्राण्याच्या, अंगात वाढून त्याला मारून बाहेर पडण्याची कल्पना मात्र अजिबात परग्रहावरची नाही. गांधीलमाश्यांच्या नात्यातल्या हजारो प्रजाती जिवंत सुरवंटाच्या अंगात अंडी घालतात आणि अळ्या त्याला आतून खात मोठ्या होतात. १८६० मध्ये डार्विननं अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिलं होतं की कनवाळू आणि सर्वशक्तिमान देवानं अशा माश्या मुद्दाम निर्माण केल्या असतील, यावर आपला विश्वास बसत नाही. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अशाच एका माशीला वैज्ञानिकांनी ‘डोलिकोजेनिडिया झेनोमॉर्फ’ असं नाव दिलं. झेनोमॉर्फ हे चाहत्यांच्या तोंडी रुळलेलं एलियनचं नाव.

या माश्यांमुळेच एक अडचण उभी राहते. त्या फार चोखंदळ असतात. सुरवंटाची प्रतिकारशक्ती अंड्याला गुदमरवून मारू शकते, म्हणून अनेक माश्या अंड्यासोबत एक विषाणूही टोचतात आणि तो विषाणू ती प्रतिकारशक्ती लुळी पाडतो. हे कुलूप-किल्लीचं काम लाखो वर्षांत जमलेलं असतं. एलियन मात्र ज्या माणसाला त्याच्या पूर्वजांनी कधी पाहिलेलंही नाही, त्याच्या अंगात पहिल्या फटक्यात रुजतो. चाहत्यांचं उत्तर असं की तो यजमानाची जनुकंच उचलतो. म्हणूनच पुढच्या एका चित्रपटात चतुष्पाद प्राण्यातून निघालेला एलियन चार पायांवर धावतो.

मला वाटतं, यासाठी जनुकं उचलायची गरज नाही. ट्रायकोग्रामा सेम्ब्लिडिस नावाची अगदी चिमुकली माशी दुसऱ्या कीटकांच्या अंड्यांत अंडी घालते. पतंगाच्या अंड्यातून निघालेल्या तिच्या नरांना पंख असतात. अल्डरफ्लाय नावाच्या कीटकाच्या अंड्यातून निघालेल्या नरांना नसतात. जात तीच, यजमान बदलला की शरीराचा आराखडा बदलतो. चार पायांचा एलियन यात सहज बसतो.

चाहत्यांमधलं सगळ्यात जुनं भांडण पुनरुत्पादनावरून आहे. पहिल्या चित्रपटातून कापलेल्या एका प्रसंगात एलियननं पकडलेली माणसं हळूहळू अंड्यात रूपांतरित होताना दिसतात. १९८६ च्या दुसऱ्या भागात मात्र अंडी घालणारी राणी आली. कापलेला प्रसंग २००३ च्या आवृत्तीत परत जोडला गेला आणि दोन्ही गोष्टी एकदमच ‘खऱ्या’ झाल्या. तडजोडीची थिअरी अशी: राणी असली तर राणीचं राज्य, एकटा जीव दूर अडकला तर तो यजमानापासून अंडं बनवतो आणि त्यातून नवी राणी निघते. जीवशास्त्राला हे फारसं परकं नाही. मधमाश्यांच्या पोळ्यातली राणी अचानक मेली, तर कामकरी माश्या साध्या, कोवळ्या अळ्यांना भरपूर राजान्न, म्हणजे राणीसाठीचं खास खाद्य, भरवून नवी राणी घडवतात. संकटकाळासाठी वेगळी वाट ठेवणं ही उत्क्रांतीची जुनी सवय आहे. माणसाच्या मांसाचं अंडं होणं मात्र मला कुठल्याही नियमात बसवता आलेलं नाही.

एलियनच्या तोंडातून बाहेर येणारा तो दुसरा जबडाही निव्वळ थिल्लरपणा मानला जायचा. २००७ मध्ये रीटा मेहता आणि पीटर वेनराइट यांनी दाखवलं की मोरे ईल हा मासा घशातला दुसरा जबडा पुढे फेकून भक्ष्य आत ओढतो. चित्रपट येऊन तोवर २८ वर्षं झाली होती.

आता गॉडझिलाकडे, म्हणजे अणुचाचण्यांनी जागा झालेल्या, सरड्यासारख्या महाकाय राक्षसाकडे वळू. १९५४ च्या पहिल्या जपानी चित्रपटात त्याची उंची ५० मीटर होती आणि अधिकृत वजन २०,००० टन. त्याच्यावरचा पहिला आक्षेप गॅलिलिओनं १६३८ मध्येच लिहून ठेवला आहे. प्राणी दहापट उंच केला, तर त्याचं वजन हजारपट वाढतं, पण हाडांचा छेद फक्त शंभरपट. म्हणजे हाडांवरचा ताण दहापट. किनाऱ्याला लागलेला मोठा देवमासा स्वतःच्याच वजनाखाली घुसमटतो. गॉडझिला त्याच्या शंभरपटीहून जड आहे आणि शहरात फेरफटका मारतो. हा आक्षेप खरा आहे. पण तो इतक्यांदा मांडला गेलाय की त्यात आता दम उरलेला नाही. हाडं पोलादाहून चिवट आहेत असं धरून पुढे गेलं, तर जेवणाचा हिशेब जास्त मजेदार निघतो.

१९३२ मध्ये मॅक्स क्लायबर यांनी दाखवलं की सस्तन प्राण्यांची विश्रांतीतली ऊर्जेची गरज वजनाच्या पटीत वाढत नाही, त्याच्या तीन-चतुर्थांश घातानं वाढते. मोठा प्राणी दर किलोमागे कमी खातो. हा नियम हत्ती-देवमाशांच्या कितीतरी पुढे ताणून २०,००० टनांना लावला, तर उत्तर येतं रोज साधारण दोन कोटी किलोकॅलरी. म्हणजे दहा हजार माणसांचं जेवण. अख्खं शहर तुडवणारा हा प्राणी निवांत पडून राहिला, तर एका लहानशा गावाच्या शिध्यावर जगेल! सरपटणाऱ्या प्राण्यासारखं थंड रक्त असेल, तर त्याच्याही दहाव्या हिश्श्यात भागेल.

हीच गरज दुसऱ्या मापात सुमारे एक मेगावॉट होते. आणि एक ग्रॅम युरेनियम-२३५ चं पूर्ण विखंडन झालं, तर जवळपास एक मेगावॉट शक्ती दिवसभर मिळते. म्हणजे गॉडझिलाचा रोजचा खुराक एक ग्रॅम युरेनियम. तो अणुऊर्जा केंद्रांवर जेवायला येतो ही चाहत्यांची आवडती थिअरी आहे, पण एक मोठी अणुभट्टी त्याच्या गरजेच्या हजारपटीहून जास्त ऊर्जा ओतते. एवढं पचवायचं तर आधी ती उष्णता बाहेर टाकावी लागेल. पाठीवरचे ते काटेरी पंखे उष्णता सोडण्यासाठी आहेत, ही थिअरी मला म्हणूनच भक्कम वाटते. स्टेगोसॉरस या डायनोसॉरच्या पाठीवरच्या हाडांच्या पट्ट्यांबद्दल पुराजीवशास्त्रज्ञांनीही असाच तर्क केलेला आहे.

किरणोत्सारावर जगणारे जीव खरोखर आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या म्पोनेंग सोन्याच्या खाणीत २.८ किलोमीटर खोलीवर डिसल्फोरूडिस ऑडॅक्सव्हायेटर नावाचा जिवाणू सापडला. तिथल्या खडकातलं युरेनियम पाण्याचे रेणू फोडतं, त्यातून हायड्रोजन सुटतो आणि हा जिवाणू त्या हायड्रोजनवर गुजराण करतो. ना सूर्य, ना दुसरा शेजारी. चेर्नोबिलच्या उद्ध्वस्त अणुभट्टीतही मेलॅनिनमुळे काळ्या दिसणाऱ्या बुरशा सापडल्या. अशा बुरशा किरणोत्सारात अधिक जोमानं वाढताना प्रयोगात दिसल्या आहेत. पण हा सगळा कारभार विलक्षण संथ आहे. किरणोत्सारावर जगणारा जीव सूक्ष्म आणि सुस्त असतो. शेपटीच्या एका तडाख्यात पूल पाडणाऱ्याला तो उपवास मानवणार नाही.

ड्रॅगनवर फार वेळ घालवत नाही. पोटातल्या हायड्रोजननं तो हलका होतो आणि तोच वायू पेटवून आग ओकतो, ही थिअरी ऐकायला देखणी आहे. पण एक घनमीटर हायड्रोजन जेमतेम १.१ किलो वजन उचलतो. एक टनाच्या ड्रॅगनला पोटात १२ मीटर व्यासाचा गोळा वागवावा लागेल. त्याला ड्रॅगन कोण म्हणेल?

बुरशीच्या झोंबींचं प्रकरण जास्त गंभीर आहे. २०१३ मधल्या ‘द लास्ट ऑफ अस’ या गेममध्ये कॉर्डिसेप्स ही बुरशी माणसांना झोंबी बनवते, आणि त्यामुळे तिचं नाव घरोघरी गेलं. मुंग्यांना खरोखर अशी बाधा होते. बाधित मुंगी झुडपावर चढते, पानाच्या शिरेला घट्ट चावा घेते आणि तिथेच मरते. मग तिच्या डोक्यातून बुरशीचा देठ फुटून खाली बीजाणू पडतात. जर्मनीतल्या मेसेल इथे मिळालेल्या ४.८ कोटी वर्षं जुन्या पानाच्या जीवाश्मावरही अशा चाव्यांसारख्या खुणा आहेत.

चाहत्यांचा समज असा की बुरशी मेंदू काबीज करते. २०१७ मधल्या एका अभ्यासात मुंगीच्या शरीराचे बारीक छेद तपासले, तेव्हा बुरशीच्या पेशी स्नायूंच्या तंतूंभोवती जाळं विणून बसलेल्या आढळल्या. मेंदूत त्या शिरलेल्याच नव्हत्या. मेंदूवर तिचा परिणाम होत असलाच, तर तो बाहेरून सोडलेल्या रसायनांनी. गेममधल्या कल्पनेपेक्षा मला हे अधिक भयंकर वाटतं.

आणि गेममधले बाधित धावतात, चावतात. हे बुरशीचं वागणं नव्हे, रेबीजचं आहे. रेबीजचा विषाणू लाळेतून पसरतो, म्हणून चावरेपणा त्याच्या फायद्याचा. बुरशीला हवी असते योग्य ओलावा असलेली, न हलणारी जागा. खरा कॉर्डिसेप्स-झोंबी कुणाचा पाठलाग करणार नाही. तो गच्चीच्या कठड्याला दात रोवून गप्प बसेल आणि त्याच्याखालून जाणाऱ्यांना धोका असेल. गेमसाठी हे अर्थातच निरुपयोगी आहे. आपल्या शरीराचं ३७ अंश तापमान बहुतेक बुरशांना सोसत नाही, हा आपला मोठा बचाव. २००९ मध्ये प्रथम नोंदवलेली कॅन्डिडा ऑरिस ही बुरशी मात्र ते सोसते. तापत्या हवामानानं तिला ही सवय लावली असावी, असं काही संशोधकांना वाटतं. पण तीही माणसाला कुठे चढायला लावत नाही.

रक्तपिपासूंचं गणित भौतिकशास्त्रज्ञ कॉस्टास एफ्थिमिऊ आणि सोहंग गांधी यांनी मांडलं. १६०० साली एक पिशाच्च, जगात सुमारे ५३ कोटी ६९ लाख माणसं, महिन्याला एक बळी आणि प्रत्येक बळीचं पिशाच्च. संख्या दर महिन्याला दुप्पट होते आणि अडीच वर्षांत माणूस संपतो. आजच्या आठशे कोटींना धरलं तरी फक्त चार महिने जास्त. म्हणजे चावलेला प्रत्येक जण पिशाच्च होत नसणार, एवढं नक्की.

शिवाय रक्त हा भिकार आहार आहे. त्यात बहुतांश पाणी, उरलेलं प्रथिन, चरबी नावापुरती. एका लिटरमधून नऊशेच्या आसपास किलोकॅलरी मिळतात, तेव्हा माणसाएवढ्या पिशाच्चाला रोज दोन लिटरहून जास्त लागेल आणि त्यासोबत एक ग्रॅमहून अधिक लोह पोटात जाईल. आपल्या सबंध शरीरात लोह असतं चारेक ग्रॅम. रक्तपायी वटवाघळं या अडचणी रोज झेलतात. पिणं चालू असतानाच त्यांची मूत्रपिंडं पाणी बाहेर टाकू लागतात, नाहीतर उडता येणार नाही. साठवायला चरबी नसल्यानं दोन-तीन रात्री उपास घडला की मरण. १९८४ मध्ये जेराल्ड विल्किन्सन यांनी दाखवलं की उपाशी राहिलेल्या वटवाघळाला ढोलीतल्या सोबतिणी प्यायलेलं रक्त ओकून भरवतात. हे मुख्यतः माद्यांमधे, नात्यात आणि जुन्या ओळखीत चालतं.

१८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीत काउंट किल्ल्यातल्या तीन स्त्रियांसाठी बाहेरून भक्ष्य आणून त्यांच्यापुढे टाकतो. किल्ला म्हणजे ढोली, हे चाहत्यांनी ताडलं नसतं तरच नवल. पुढे तो त्या तिघींना मागे ठेवून एकटा लंडनला निघून जातो, तेही या वटवाघळांना धरूनच आहे: माद्या जन्मल्या ढोलीत राहतात, वयात आलेला नर दूर जातो. फक्त वटवाघळाचा नर हे वर्ष-दीड वर्षाचा असताना करतो, काउंटनं काही शतकं लावली.