अथेन्सची लोकशाही आणि अमेरिकेचं प्रजासत्ताक: एक समजली जाणारी दोन राज्यं

अमेरिकेची लोकशाही प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्समधून आली, असं मानणारे खूप जण भेटतात. वॉशिंग्टनमधल्या सरकारी इमारतींचे पांढरे खांब पाहिले की हा समज आणखी पक्का होतो. पण १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात बसून ज्यांनी राज्यघटना तयार केली, त्यांतल्या बहुतेकांना हे नातं मान्य झालं नसतं. अथेन्सचा इतिहास त्यांना चांगला ठाऊक होता. तो वाचूनच त्यांनी ठरवलं होतं की आपल्याला तसं राज्य नको.

आधी अथेन्स. इ.स.पू. ५०८ च्या सुमारास क्लेइस्थेनिस या अथेन्सच्या पुढाऱ्याने नागरिकांची दहा गणांत नवी विभागणी केली. प्रत्येक गणात शहरातली, किनाऱ्यावरची आणि आतल्या भागातली अशी तिन्हीकडची माणसं मुद्दाम एकत्र आणली, म्हणजे जुन्या घराण्यांची पकड सुटावी. प्रत्येक गणातून ५० याप्रमाणे ५०० जणांचं मंडळ नागरिकांच्या सभेपुढचे विषय ठरवायचं. हे ५०० जण चिठ्ठ्या टाकून निवडले जात आणि एका माणसाला आयुष्यात दोनदाच तिथे बसता येई. मंडळाचा अध्यक्ष तर रोज नवा, तोही चिठ्ठीनेच ठरलेला. एक दिवस आणि एक रात्र राज्याची मोहोर आणि खजिन्याच्या किल्ल्या त्याच्या हाती असत. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा साधा नागरिक!

अंतिम निर्णय मात्र प्निक्स टेकडीवरच्या जनसभेचा. तिथे दवंडीवाला विचारायचा, ‘कोणाला बोलायचं आहे?’ आणि कोणीही नागरिक उठून बोलू शकायचा. युद्ध, तह, कर, सगळं तिथेच हात वर करून ठरायचं.

निवडणूक होती ती मुख्यतः सेनापतींसाठी. दरवर्षी दहा सेनापती मतदानाने निवडले जात, कारण लढाई हे कसबाचं काम मानलं जाई. अथेन्सचा सर्वांत प्रसिद्ध पुढारी पेरिक्लिस, त्याची सगळी सत्ता याच पदातून आली. पद चिठ्ठीने देणं हे लोकशाहीचं लक्षण आणि निवडणुकीने देणं हे मूठभरांच्या राजवटीचं लक्षण समजलं जातं, असं अ‍ॅरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’मध्ये नोंदवलं आहे. आज आपण ज्या गोष्टीला लोकशाहीचा प्राण म्हणतो ती निवडणूक ग्रीकांना श्रीमंतांच्या आणि नामवंतांच्या सोयीची वाटायची. त्यांच्या या शंकेत तथ्य होतं असं मला वाटतं. मत मागायला ओळख लागते, वक्तृत्व लागतं, पैसा लागतो. चिठ्ठीला यातलं काहीच लागत नाही.

अमेरिकेची घटना याच्या उलट टोकाला उभी राहिली. १७८७ च्या मसुद्यात थेट लोकांनी निवडायचं होतं ते फक्त संसदेचं एक सभागृह, प्रतिनिधिगृह. दुसऱ्या सभागृहाचे, म्हणजे सिनेटचे सदस्य राज्यांच्या विधिमंडळांनी निवडायचे, आणि ही पद्धत १९१३ पर्यंत टिकली. अध्यक्ष ठरवण्यासाठी मधे निर्वाचकांचा थर. न्यायाधीश नेमलेले आणि गैरवर्तन नसेल तर तहहयात. राज्यघटनेला पाठिंबा मिळवण्यासाठी अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे या तिच्या समर्थकांनी लिहिलेल्या ८५ फेडरलिस्ट निबंधांत यामागचा विचार उघडपणे मांडला आहे. दहाव्या निबंधात मॅडिसन शुद्ध लोकशाही (लोक स्वतः जमून कारभार करतात ती) आणि प्रजासत्ताक (निवडलेले प्रतिनिधी कारभार करतात ते) यांना सरळ वेगळं काढतो. त्रेसष्टाव्यात तर तो म्हणतो की प्रतिनिधी प्राचीन राज्यांतही होते. खरा फरक हा, की अमेरिकेत लोकांना समूह म्हणून कारभारातून पूर्णपणे बाहेर ठेवलं आहे. त्याच्या लेखी ही अभिमानाची गोष्ट होती. पंचावन्नाव्या निबंधातलं त्याचं वाक्य प्रसिद्ध आहे: अथेन्सचा प्रत्येक नागरिक सॉक्रेटिस असता, तरीही अथेन्सची प्रत्येक सभा झुंडच ठरली असती.

एवढी धास्ती कशाची? इ.स.पू. ४०६ मध्ये अर्गिनुसाईच्या समुद्री लढाईत अथेन्स जिंकलं, पण वादळामुळे बुडणाऱ्या खलाशांना वाचवता आलं नाही. संतापलेल्या सभेने सेनापतींचा एकत्रित निवाडा करून त्यांना देहदंड दिला. असा एकत्रित निवाडा कायद्याला धरून नव्हता. त्या दिवशी कामकाज चालवणाऱ्यांत सॉक्रेटिस होता आणि त्याने विरोध केला, पण उपयोग झाला नाही. सहा सेनापती मारले गेले. त्यांत पेरिक्लिसचा मुलगाही होता. सात वर्षांनी खुद्द सॉक्रेटिसला विषाचा प्याला दिला गेला, तोही चिठ्ठीने निवडलेल्या सुमारे ५०० ज्यूरींच्या बहुमताने.

शिवाय मॅडिसनपुढे ताजं कारण होतं. १७८६-८७ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जाने आणि करांनी पिचलेल्या शेतकऱ्यांनी डॅनियल शेजच्या नेतृत्वाखाली बंड करून न्यायालयांचं कामकाज बंद पाडलं होतं. कर्जमाफीची मागणी ही मॅडिसनला बहुमताच्या उन्मादाची खूण वाटते. अथेन्समध्ये मात्र सोलोन या कायदेकर्त्याने इ.स.पू. ५९४ च्या सुमारास कर्जं रद्द केली, माणूस गहाण ठेवून कर्ज देण्यावर बंदी घातली, आणि त्याच सोलोनला अथेन्सने पुढे कायम पूज्य मानलं. दोन्ही राज्यांच्या स्वभावातलं अंतर मला इथे सर्वांत स्पष्ट दिसतं.

मॅडिसनचा आरोप खोटा नाही, पण अपुरा आहे. त्या पिढीने अथेन्स जाणून घेतलं ते थ्युसिडिडीस, प्लेटो, झेनोफोन आणि प्लुटार्क या ग्रीक लेखकांकडून. यांतल्या कोणालाच जनसभेबद्दल फारसं प्रेम नव्हतं. इ.स.पू. ४२७ मध्ये बंडखोर मिटिलिनी शहरातल्या सर्व पुरुषांना ठार मारण्याचा ठराव याच सभेने केला, हे खरं. पण दुसऱ्याच दिवशी तिनेच तो फिरवला, आणि पहिला हुकूम घेऊन गेलेल्या जहाजामागून धाडलेलं दुसरं जहाज ऐन वेळी पोहोचल्याने सरसकट कत्तल टळली. इ.स.पू. ४०३ नंतर तर कायदे आणि सभेचे ठराव वेगळे केले गेले. कायद्याविरुद्ध ठराव मांडणाऱ्यावर खटला भरता येई. मधले दोन छोटे खंड सोडले तर ही व्यवस्था इ.स.पू. ३२२ पर्यंत, म्हणजे जवळपास १८० वर्षं चालली. नुसत्या झुंडीला एवढं टिकता येत नाही.

पुढाऱ्यांचीच तुलना करायची तर पेरिक्लिस आणि अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन घ्या. पेरिक्लिस वर्षामागून वर्ष निवडून येत राहिला, त्याला मुदतीची मर्यादा नव्हती. पण इ.स.पू. ४३० मध्ये युद्ध आणि साथीने हैराण झालेल्या लोकांनी त्याला पदावरून काढलं, दंड केला, आणि थोड्याच काळात पुन्हा निवडलं. वॉशिंग्टनला चार वर्षं महाभियोगाशिवाय कोणी हलवू शकत नव्हतं. दोन कार्यकाळांनंतर तो आपणहून बाजूला झाला.

वॉशिंग्टनची तुलना त्याच्या काळी होत होती ती सिनसिनाटसशी, सत्ता सोडून शेतीकडे परतलेल्या रोमन माणसाशी. सिनेट आणि कॅपिटॉल (अमेरिकी संसदेची इमारत) ही नावं रोमन. फेडरलिस्ट निबंधांखालचं ‘पब्लियस’ हे टोपणनावही रोमन. ग्रीक मंदिरांच्या धर्तीवरच्या इमारतींची लाट नंतरची. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरावरून बेतलेली फिलाडेल्फियातली ‘सेकंड बँक’ची इमारत १८२४ मध्ये पूर्ण झाली, तेव्हा राज्यघटनेला ३७ वर्षं होत आली होती. म्हणजे खांबांवरून काढलेला निष्कर्ष इतिहासाच्या क्रमातही बसत नाही.

एका बाबतीत मात्र दोघांत साम्य आहे, आणि ते गौरवाचं नाही. अथेन्समध्ये स्त्रिया, गुलाम आणि बाहेरून येऊन स्थायिक झालेले लोक सभेबाहेर होते. इ.स.पू. ४५१ मध्ये पेरिक्लिसनेच नागरिकत्वासाठी आई-वडील दोघंही अथेन्सचे असण्याची अट घातली. अमेरिकेच्या घटनेने प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामांची लोकसंख्या तीन-पंचमांश धरली. मत त्यांना नव्हतं, त्यांच्या संख्येचा लाभ मालकांच्या राज्यांना.

अथेन्सशी सर्वांत जवळची गोष्ट अमेरिकेत शोधायची तर ती कॅपिटॉलमध्ये सापडणार नाही. न्यू इंग्लंडमधल्या अनेक गावांत आजही गावसभा भरते आणि जमलेले मतदार अंदाजपत्रकावर स्वतः मत देतात. आणि न्यायालयात चिठ्ठीसारख्याच पद्धतीने यादीतून बोलावलेले सामान्य लोक ज्यूरी म्हणून बसतात. पण ही ज्यूरी आली इंग्लंडकडून. अथेन्सच्या ज्यूरीवर कायदा समजावून सांगणारा न्यायाधीश नव्हता, आपसात चर्चाही व्हायची नाही. दोन्ही बाजू ऐकायच्या, आणि त्याच दिवशी मत टाकून मोकळं व्हायचं.