टाक्याच्या शेजारीच कापड का फाटतं?

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या यवतमाळकडच्या गावात एकही बाही धड राहत नाही. पऱ्हाटीची वाळली बोंडं, धुऱ्यावरची बाभूळ, रानडुकरांसाठी ओढलेली काटेरी तार. फाटतं मात्र बहुतेक वेळा एकाच तऱ्हेनं, काटकोनात. कारण कापड म्हणजे उभा ताणा आणि आडवा बाणा. काटा अडकला की सगळा जोर त्याच्या टोकाजवळच्या दोन-चार धाग्यांवर येतो; ते तुटले की पुढच्या दोन-चारांवर. सगळ्यांनी मिळून ओझं पेललं असतं तर बाही टिकली असती.

नववीत असताना मी शर्टाच्या पाठीवरची अशी फाट पॉलिस्टरचा जाड दोरा दुहेरी घेऊन, चांगला आवळून शिवली. आठ दिवसांत शर्ट टाक्याच्या शेजारीच उकलला. दोरा शाबूत! माय म्हणाली, "इतका दांडगा दोरा कायले घेतला बाप्पा? शर्ट म्हातारा झाला ना आता."

कापूस म्हणजे मुख्यतः सेल्युलोज, लांबच लांब साखळ्यांचे रेणू. उन्हातले अतिनील किरण या साखळ्या तोडत जातात. घाम आणि धोपटणं हातभार लावतात. म्हणून खांदे आणि पाठ आधी विरतात. अशा कापडात दणकट दोरा आवळला की तार साबणाची वडी कापते तसा तो कापड कापतो. दोरा कापडापेक्षा थोडा कमजोरच हवा. तुटायचंच असेल तर त्यानं तुटावं, तो पुन्हा घालता येतो.

ठिगळाचे कोपरेही गोल कापावेत, टोकदार कोपऱ्यात ताण साठतो. अमेरिकेतल्या रेनो गावातल्या जेकब डेव्हिस या शिंप्यानं कामाच्या विजारींच्या खिशाच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट (चपट्या डोक्याचे खिळे) ठोकले ते याच ताणापायी. कापडाचा व्यापारी लेव्ही स्ट्रॉस याच्यासोबत त्याला त्याचं १८७३ मध्ये पेटंट मिळालं.

रफूत तर गाठच मारत नाहीत. मग दोरा निसटत का नाही? बैलाचा कासरा आठवा. खुंट्याला तीन वेढे दिले की दुसरं टोक पोरगंही धरून ठेवतं. घर्षणगुणांक (दोन पृष्ठं एकमेकांवर घसरायला किती अडतात याचं माप) ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्यानं पकड साधारण साडेसहापट होते, तीन वेढ्यांनी सुमारे २८५ पट. रफूचा दोरा एका धाग्यावरून, दुसऱ्याखालून जातो. प्रत्येक वळणावर पकड अशीच गुणत जाते. शेवटी बोटभर दोरा जास्तीचा विणला की काम झालं. गाठ उलट टोचते आणि ताण एका जागी आणते.

ठिगळासाठी कोरं कापड घ्यायचं तर आधी भिजवून वाळवावं. विणताना ताणलेले धागे पहिल्या पाण्यात आखडतात आणि शिवल्यानंतर ठिगळ आखडलं तर जुन्या कापडाला ओढतं. मायनं मात्र नवं कापड घेतलंच नाही. तिनं माझ्या शर्टाचा खिसा उसवला, तो पाठीला लावला, एकेरी सुती दोऱ्यानं, सैल टाक्यांनी. शर्ट पुढे वर्षभर चालला. छातीवर खिशाएवढा गडद निळा चौकोन तेवढा दिसत राहिला, ऊन न लागलेला.