गर्भातले रक्त आणि सहाव्या महिन्याचे कोडे

गडचिरोली-चंद्रपूरकडच्या गावांत एक तक्रार वरचेवर कानी पडते. लेकरू जन्मले तेव्हा गुटगुटीत होते, पाच-सहा महिने छान खेळले आणि मग एकाएकी त्याच्या हातापायांची बोटे सुजली, अंगावर पांढुरकी झाक आली. म्हणजे कोणाची तरी नजर लागली. मग पुजाऱ्याचा अंगारा, गळ्यात ताईत, आणि उपचाराचे महिने वाया. वास्तविक ही सिकलसेल आजाराची, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकण्याच्या आजाराची, सुरुवात असू शकते, आणि तो आजार बाळाला गर्भधारणेच्या क्षणीच आई व वडील या दोघांकडून मिळालेला असतो. मग तो नऊ महिने पोटात आणि पुढे इतके दिवस मांडीवर गप्प का राहतो, हे समजण्यासाठी गर्भ श्वास कसा घेतो ते पाहावे लागते.

मायच्या रक्तावर लेकरू पोसते असे आपल्याकडे म्हणतात. ते शब्दशः खरे नाही. बाळाचे रक्त त्याचे स्वतःचे असते. पहिल्या तांबड्या पेशी तिसऱ्या आठवड्यात गर्भाला लागून असलेल्या एका छोट्या पिशवीत तयार होतात, पुढे ते काम यकृताकडे जाते आणि शेवटच्या महिन्यांत हाडांतील मज्जेकडे. वारेमध्ये आईचे आणि बाळाचे रक्त शेजारून वाहते, पण मिसळत नाही. चुकार पेशी इकडच्या तिकडे जातात, तेवढेच. पूर्ण दिवसांची वार जेमतेम अर्धा किलो भरते, परंतु तिच्यातील फांद्यांसारख्या अंकुरांचा पृष्ठभाग उलगडला, तर तो दहा चौरस मीटरांहून अधिक होईल.

धानाच्या वरच्या बांधीतून खालच्या बांधीत पाणी आपोआप उतरते, तसा ऑक्सिजन जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातो. आईच्या धमनीत हा दाब पाऱ्याच्या सुमारे १०० मिलिमीटर असतो; नाळेतून बाळाकडे जाणाऱ्या रक्तात मात्र तो ३० च्या आसपासच. एवढ्या थोड्या दाबावर मोठ्या माणसाचे हिमोग्लोबिन, म्हणजे तांबड्या पेशीतील ऑक्सिजन वाहणारे प्रथिन, ऑक्सिजनने निम्म्याहून थोडेसेच भरते. बाळाचे मात्र बरेच अधिक भरते, कारण ते निम्मे भरण्यास २० मिलिमीटर पुरतात, आईच्या हिमोग्लोबिनला २७ लागतात.

हे घडते एका पाचरीमुळे. मोठ्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये अमिनो आम्लांच्या दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात. तांबड्या पेशीतील बीपीजी नावाचा ऋणभारित रेणू दोन बीटा साखळ्यांच्या फटीत पाचरीसारखा बसतो आणि ऑक्सिजन सोडायला भाग पाडतो. गर्भात बीटाऐवजी गॅमा साखळ्या असतात. बीटा साखळीत १४३ व्या जागी धनभार धरू शकणारे हिस्टिडीन हे अमिनो आम्ल असते, गॅमात तेथे भाररहित सेरीन. त्यामुळे पाचर नीट धरत नाही आणि ऑक्सिजन घट्ट राहतो. एका अमिनो आम्लाच्या बदलावर गर्भाचा श्वास एवढा अवलंबून असावा, याचे मला आजही नवल वाटते.

सिकलसेलचा दोष नेमका बीटा साखळीत, सहाव्या जागी असतो. गॅमा साखळी त्यापासून मुक्त असल्याने गर्भाच्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होत नाहीत. ७ सप्टेंबर २०२५ च्या चंद्रग्रहणातही विळा-सुरी धरू नकोस म्हणून अनेक गर्भवतींना बजावले गेले. त्या विळ्याने बाळाला काही होत नाही, रक्तातल्या विळ्याची चौकशी मात्र कोणी करत नाही. आईवडील दोघेही वाहक असतील, म्हणजे प्रत्येकाकडे या दोषाचे एकच जनुक असेल, तर प्रत्येक गर्भधारणेत बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

जन्मतः बाळाच्या हिमोग्लोबिनचा बहुतांश भाग गर्भाचाच असतो. जन्माच्या सुमारास मज्जा गॅमाऐवजी बीटा साखळ्या बनवू लागते, आणि सहा महिन्यांत संरक्षण ओसरते. नवजात बाळांच्या रक्तात विळ्याच्या पेशी कमी का दिसतात, याचे कारण गर्भाचे हिमोग्लोबिन असावे, असा तर्क डॉक्टर जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच मांडला होता. याच कारणाने, गावात केली जाणारी सोल्युबिलिटी चाचणी (रक्त द्रावणात मिसळून ते गढूळ होते का हे पाहणारी) नवजात बाळाच्या बाबतीत फसवी ठरते. तेथे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसीसारखी तपासणीच हवी.

गॅमाचे जनुक मोठेपणी नाहीसे होत नाही, फक्त निजते. सिकलसेलच्या रुग्णांना दिली जाणारी हायड्रॉक्सियुरियाची गोळी त्याला थोडेफार जागे करते.