फिटच्या गोळ्या आणि बाळाचा विचार

मुलीला फिट येतात हे लग्न जमवताना लपवायचं आणि मग तिने सासरी गोळ्याही चोरून घ्यायच्या, हा प्रकार आपल्याकडे अजून चालतो. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार, असलेल्या व्यक्तीच्या लग्नाआड येणारा शब्द होता, तो १९९९ साली काढला गेला. घराघरातून तो अजून गेलेला नाही. या लपवाछपवीचा मोठा फटका बसतो तो मूल होण्याच्या वेळी, कारण गोळ्यांबद्दलचा निर्णय दिवस जाण्याच्या आधी घ्यावा लागतो.

असं का? फिटची काही औषधं पोटातल्या बाळाच्या घडणीत बिघाड करू शकतात. बाळाचा मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती गर्भधारणेपासून साधारण २८ दिवसांत बंद होते. पाळी चुकते तेव्हा त्यातले चौदाएक दिवस उलटलेले असतात. आणखी आठवडाभर वाट बघून टेस्ट केली, मग डॉक्टरांची वेळ मिळाली, तोवर नळीचं काम आटोपलेलं असतं. फॉलिक ॲसिड आधीपासून सुरू करायला सांगतात ते याचसाठी.

सगळ्यात जपून वापरायचं औषध म्हणजे व्हॅल्प्रोएट. १८८२ साली तयार झालेला हा पदार्थ कित्येक वर्षं नुसता द्रावक म्हणून, म्हणजे इतर पदार्थ विरघळवायला, वापरात होता. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये इतर रसायनं त्यात विरघळवून आकडीवर तपासत होते. जे विरघळवावं ते गुणकारी! मग कळलं, गुण द्रावकाचाच आहे. औषध खरोखर चांगलं आहे, काही प्रकारच्या फिट त्याच्याइतक्या दुसऱ्या कशाने आटोक्यात येत नाहीत. पण गरोदरपणात ते घेतलेल्या शंभर आयांपैकी साधारण दहाजणींच्या बाळांत जन्मजात व्यंग आढळतं. एरवी हे प्रमाण दोन-तीन असतं. शिवाय शंभरातल्या तीस ते चाळीस मुलांना पुढे बोलणं, शिकणं, माणसांत मिसळणं जड जाऊ शकतं, आणि हे सोनोग्राफीत दिसत नाही. डोस जितका जास्त, तितका धोका जास्त. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासेटॅम या फिटवरच्या दुसऱ्या औषधांच्या बाबतीत व्यंगाचं प्रमाण एरवीच्या जवळपासच राहतं.

हे वाचून कुणी आजच गोळ्या बंद करेल, तर ते त्याहून वाईट. अचानक औषध तोडलं की फिटवर फिट येऊ शकतात, त्यात आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतं. गोळी बदलायची ती न्यूरॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली, हळूहळू. फिट येणाऱ्या बहुसंख्य बायकांची बाळं धडधाकट जन्मतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा या वैद्यकीय संस्थेत १९९८ पासून अशा गरोदरपणांची नोंद ठेवली जाते.

नियोजन म्हटलं की गर्भनिरोधक गोळ्या आल्याच, तिथेही गुंता आहे. फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन हे फिटवरचं औषध चालू असेल तर त्या गोळ्यांचा भरवसा कमी होतो.

पुरुषांचं काय? वडील व्हॅल्प्रोएट घेत असतील तर मुलाच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो, अशी सावधगिरीची सूचना युरोपच्या औषध नियामकाने २०२४ मध्ये दिली. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात मात्र तसा संबंध दिसला नाही.

लॅमोट्रिजिनची एक वेगळी खोड आहे. गरोदरपणात शरीर ते भराभर बाहेर टाकतं, त्यामुळे डोस वाढवावा लागतो. बाळंतपणानंतर काही दिवसांतच हा वेग पूर्ववत होऊ लागतो. तेव्हा डोस उतरवला नाही तर आईला चक्कर येते, एकाचे दोन दिसू लागतात. बाळंतिणीला असंच होतं म्हणून ते सोडून देऊ नये.